कॉड्सवॉलप

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत लॉकडाउन लागला. शेजारी एक इंग्रज आजोबा एकटेच राहायचे. तरुणपणी उत्तर इंग्लंडहून आलेले, जवळच्या पोर्ट केंब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये आयुष्य घालवलेले. बायको एज्ड केअरमध्ये, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात होती, आणि आता तिला फक्त खिडकीच्या काचेतून बघायला मिळायचं. तिथून परत आले की ते कुंपणापाशी थांबायचे.

"नर्स म्हणतात, ती मजेत आहे. कॉड्सवॉलप!"

मी अर्थ विचारला.

"निव्वळ थापा. पूर्वी गळ्यात गोटी अडकवलेल्या बाटलीतून फसफसणारं पाणी मिळायचं. बनवणाऱ्याच्या नावावरून कॉड बाटली म्हणायचे तिला. वॉलप म्हणजे बिअर. बिअर पिणारे त्या पाण्याला नाक मुरडून म्हणायचे, हे कॉडचं वॉलप. माझे वडील असं सांगायचे."

"म्हणजे आमचा गोटी सोडा!" मी म्हणाले. नाशिकला बाबा मला सोडा प्यायला न्यायचे. अंगठ्याने गोटी आत ढकलताना मुद्दाम दचकल्यासारखं करायचे. हे ऐकून आजोबा खूप दिवसांनी हसले.

मी नंतर नेटवर शोधलं. बाटली खरी, पण शब्दाच्या जन्माची ती गोष्ट बहुतेक मागाहून रचलेली. जुना पुरावा कुठेच नाही. पण ती त्यांच्या वडिलांची आठवण होती, म्हणून त्यांना हे सांगितलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये बाबा कोविडने गेले. विमानं बंद होती. मी अंत्यसंस्कार फोनवर पाहिले, तेही अर्धेच, मध्येच रेंज गेली. मग दिवसभर फोन येत राहिले. सुटले बिचारे. भरलं आयुष्य जगले. तू लांब होतीस तेच बरं झालं. मी सगळ्यांना हो हो म्हणत होते.

संध्याकाळी बॅकयार्डमध्ये बसले असताना आजोबा कुंपणापाशी आले. काय झालं ते मी सांगितलं, आणि लोक काय म्हणतात तेही.

त्यांनी कुंपणावर हात टेकवले. मग हलकेच म्हणाले, "कॉड्सवॉलप, पोरी. तू तिथे असायला हवी होतीस."

तेव्हा कुठे मला रडू फुटलं. आजोबा अंधार पडेपर्यंत तिथेच उभे होते.

त्याच वर्षी जुलैत, इथल्या हिवाळ्यात, दुसऱ्या लॉकडाउनमध्ये त्यांची बायको गेली. शेवटच्या दिवशी त्यांना गाऊन-मास्क घालून आत सोडलं होतं. मास्कमागे तिने त्यांना ओळखलं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फ्युनरलला मोजक्याच लोकांना परवानगी होती. त्यांची मुलगी राज्यांच्या सीमा बंद असल्याने दूर पर्थला अडकलेली. त्यांनी मला विचारलं, "येशील?"

मी गेले. परतताना गाडी मी चालवत होते. ते समुद्राकडे बघत होते. मध्येच म्हणाले, "तिला चहा फार कडक लागायचा."

"किती कडक?" मी विचारलं.

घर येईपर्यंत ते तिच्याबद्दल सांगत राहिले.