माळोबाची माती

मलंगगडाच्या रांगेत, कल्याणपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, टेंभीवाडी होती. वाडीच्या वर गवताळ माळ आणि माळाच्या कडेला माळोबा. माळोबा म्हणजे शेंदराने माखलेला उभा दगड. वर चंद्र-सूर्य कोरलेले. वाडी त्यांना देवाचे डोळे समजे, एक उघडा, एक अर्धा मिटलेला. त्याखाली जुन्या अक्षरांच्या ओळी होत्या. त्या देवाच्या बरगड्या. कमरेखालचा देव जमिनीत होता.

नवरा गेल्यावर पूजा ठमाबाईकडे आली. कुणी हरकत घेतली नाही, कारण कौल लावणारा हात आधीपासून तिचाच होता. भिजवलेले दोन तांदूळ देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायचे. उजवा आधी पडला तर होकार. दाणा कुठे धरतो आणि कुठे सुटतो हे तिच्या बोटांना पाठ होतं. तिने ते कधी वापरलं नाही. "देवाला फसवायचं तर त्याला विचारायचं कशाला?" असं ती म्हणे.

दुसरं काम मातीचं. दर वर्षी नवरात्राआधी वाडीतल्या बायका डोक्यावरून माती नेऊन देवाच्या पायाशी घालत. सगळ्यांना तो नवस वाटे. खरं कारण ठमाबाईला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माळावरून लोंढा आला आणि देवाचा पायथा उघडा पडला. खाली गाढव होतं, आणि गाढवाखाली बाई.

"पाहिलंस ना?" सासू गोदूबाई म्हणाली. "आता टोपली उचल. जुन्या राजानं माळ वाडीला दिला तेव्हाचा दगड आहे. जो तो मोडेल-हलवेल त्याला ही शिवी कोरून ठेवलीय. लोकांना दिसलं तर शेंदूर कोण लावेल? दरीत लोटतील."

तेव्हापासून ठमाबाईच्या देखत माती कधी कमी पडली नाही.

पुढे कल्याणला आगगाडी आली, माळाचं गवत मुंबईच्या घोड्यांसाठी जाऊ लागलं आणि डोंगराच्या पायथ्याशी गाडीरस्ता झाला. धोंडीबा पाटलाच्या मनात आलं, देव खाली आणावा.

"गाडीवाले नारळ फोडायला माळ चढणार आहेत का? देव रस्त्यावर हवा."

"देवाला कमरेखाली उघडं पाडायचं नाही, पाटील. सासूबाईंनी सांगितलंय."

"गोदूकाकी गेली, ठमावहिनी. तिचा नियमही गेला."

खाली काय आहे ते सांगितलं असतं तरी देव गेलाच असता. रस्त्यावर नाही, तर दरीत. ठमाबाई म्हणाली, "कौल घेऊ."

कौलाच्या दिवशी वाडी माळावर जमली. गवतकापणीतून उठून आलेला गुणाजी तिच्या कानाशी लागला. "काकी, उजवा जरा दाबून लाव. खणायला मलाच लावतील."

"गप रे."

तिने दोन्ही दाणे सारखेच लावले. उजवा पडला.

"होकार आहे," ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझी एकच अट. माती बायकांनी घातलीय, काढताना बायका समोर हव्यात. आणि आवडाबाईंना वर आणा. सगळ्यांत जास्त टोपल्या त्यांच्या आहेत."

आवडाबाई ही पाटलाची आई. पाटलाला अटीत वावगं काही दिसलं नाही. दोघांनी हात धरून म्हातारीला माळावर आणलं आणि दगडासमोर बसवलं.

पहार चालली. थोड्या वेळाने गुणाजी थांबला. "कान दिसतायत. देवाला घोडं आहे, पाटील!"

"घोड्याचे कान एवढे?" मागून एक बाई म्हणाली.

आणखी माती निघाली आणि गाढवाखालची बाई दिसली. गाढव काय करत होतं हे कुणी कुणाला सांगितलं नाही. बैल अडला की टेंभीवाडीत हीच शिवी निघे. दगडात कोरलेली मात्र कुणी पाहिली नव्हती. दोन पोरी हसल्या, त्यांना कोपराने गप्प केलं गेलं.

पाटील लालबुंद झाला. "हा देव नाही! याला शेंदूर लावत होतो आपण? लोटा दरीत!"

"लोटा," ठमाबाई शांतपणे म्हणाली. "पण काय आहे ते ऐकून लोटा. राजानं माळ दिला तेव्हा हा रोवलाय. जो हलवेल त्याच्या आईला हे."

सगळ्या माना आवडाबाईकडे वळल्या. म्हातारी पुढे सरकली, डोळे बारीक करून तिने कोरीव काम नीट पाहिलं.

"म्हणजे ही मी का गं, ठमे?"

"पाटलांनी लोटला तर."

"धोंड्या, पहार थांबव."

"अगं आई, देवानं कौल दिलाय."

"देवाला आई नाही. तुला आहे. माती आण."

पहिली टोपली पाटलाने आणली. त्यानंतर बाकीच्यांनी. अंधार पडायच्या आत देव पुन्हा कमरेपर्यंत जमिनीत गेला.

पुढच्या अमावास्येला ठमाबाई शेंदराची वाटी घेऊन वर गेली, तेव्हा आपल्याखेरीज कुणी येणार नाही अशी तिने मनाची तयारी केली होती. आवडाबाई सुनेला घेऊन आधीच येऊन बसली होती. "एवढा कडक राखणदार दुसऱ्या कुठल्या गावाला आहे?" ती म्हणाली आणि तिने वाटीसाठी हात पुढे केला.

पहारीच्या धक्क्याने दगड मात्र दरीकडे थोडा कलला होता. तो खणून सरळ करावा, असं पाटील एकदा म्हणाला.

"करा की," ठमाबाई म्हणाली. "आईला विचारून या."

दगड तसाच कललेला राहिला.