जुबेदाने लिहिलेली पानं

जुबेदा चिडली की आवाज चढवत नसे. कीबोर्ड बाजूला सारायची आणि समोरच्याला शांतपणे बसायला सांगायची. मग त्याची खैर नसे.

दापोड्याला एका कापड व्यापाऱ्याच्या गोदामावरच्या ऑफिसात आम्ही दोघी होतो. मी फोनवर ऑर्डरी घ्यायचे, ती कंपनीची वेबसाइट सांभाळायची. लूमवाल्याचीच लेक ती. कुठलं कापड कशाला चालतं, धुतल्यावर किती आटतं, हे कारागिरांना विचारून तिने एकेक पान लिहिलं होतं. इंटरनेटवर शोधून ती पानं वाचणारे लांबलांबून फोन करत.

२००९ साली शेठनी साइट मुंबईच्या एका एजन्सीकडे सोपवली. त्यांनी एकच पान वेगवेगळ्या वेब-पत्त्यांवर उघडेल असं केलं. रंगावरून गेलात तर एक पत्ता, भावावरून गेलात तर दुसरा, छपाईसाठी तिसरा. जितके पत्ते तितकी गिऱ्हाइकं, असं त्यांच्या साहेबाने शेठना पटवलं. जुबेदाने साहेबाला बसायला सांगितलं.

"एका माणसाची चार रेशनकार्डं काढली तर घरात माणसं वाढतात काय? खरं कुठलं तेच कळत नाय मग."

शेठनी तिलाच गप्प केलं.

हळूहळू फोन आटले. सर्च इंजिनाला आमचं खरं पान कुठलं ते ठरवता येईना, आणि तिचा मजकूर जसाच्या तसा उचललेली दुसऱ्याच व्यापाऱ्याची साइट सगळ्यांत वर दिसू लागली. त्यावर एजन्सीने काय सांगावं? तुमच्या बाईंनीच मजकूर तिथून चोरला, त्याची ही शिक्षा. आणि शेठनी ते खरं मानलं! आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

"चोर म्हणून मी इथून जाणार नाय," जुबेदा शेठना म्हणाली. "आधी पानं मला नीट लावू द्या. मग काढा खुशाल."

त्याच वर्षी नवी सोय आली होती: पानाच्या कोडमध्ये एक ओळ टाकून त्याचा मुख्य पत्ता सर्च इंजिनाला सांगता येई. जुबेदाने प्रत्येक जादा पत्त्यावर ती ओळ घातली. काही आठवड्यांनी आमची पानं वर आली, नकलेच्याही वर. फोन पुन्हा वाजू लागले.

दिवाळीला शाल-श्रीफळ मिळालं ते एजन्सीच्या साहेबाला. मजकूर माझा होता एवढं सगळ्यांसमोर सांगा, असं जुबेदाने शेठना म्हटलं. आता ते कशाला उकरायचं, म्हणून ते हसले. तिने डबा पिशवीत घातला आणि जिना उतरून गेली. परत आली नाही.

तिची पानं मात्र शेठनी ठेवली. फोनवर कुणी त्या पानांचं कौतुक केलं की मी सांगायचे, "जुबेदाने लिहिलंय ते." शेठ समोर असले तर जरा मोठ्याने.