सोनेरी कार्डाचं हळदीकुंकू

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. थकलोय, एवढंच.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. हिंगोलीत मी एका बँकेची क्रेडिट कार्डं विकायचो. पगार नव्हता, कार्डामागे कमिशन. गळ्यात टाय, बुडाखाली जुनी मोटरसायकल — वरून कीर्तन, आतून तमाशा. पुसेगावजवळच्या तांड्यावरचे परसराम गुरुजी माझे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक कसले, घरचेच. जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्यांचं साधं कार्ड मीच काढून दिलं होतं. गुरुजी गाडीत पेट्रोल टाकायचे, बिल वेळेवर भरायचे आणि पॉइंट साठवायचे. पॉइंटांवर मिक्सर मिळणार होता. वहिनी पाट्यावर वाटण वाटता वाटता विचारायच्या, "भाऊ, कवा येऊन राहिला तुमचा मिक्सर?"

एका महिन्याला टार्गेटला मला एक कार्ड कमी पडलं. मी गुरुजींना म्हटलं, साधं सोडा, सोनेरी घ्या. जुनं कार्ड बंद झालं की त्यावरचे पॉइंट बुडतात, हे मला ठाऊक होतं. आधी मिक्सर मागवून घ्या, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यात महिना उलटला असता. मग मी गप्प बसलो. वर्षाला फी लागते, तेही बोललो नाही.

पण खरं सांगायचं ते हे नाहीच. ते पुढे आहे.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गुरुजींनी बोलावलं. पाटावर नाण्यांशेजारी ते कार्ड — हळदीकुंकू लावलेलं, वर अक्षता. मी हसलो. म्हटलं, वापरता की नाही?

"लक्ष्मी हाय ती. पेट्रोल पंपावर काहून न्यायची?"

वापरलं नाही तर पैसे कशाचे, असा त्यांचा सरळ हिशोब. वर्षभरात फीचं बिल आलं. इंग्रजी कागद घेऊन गुरुजी माझ्याकडे आले. तेव्हा खरं सांगितलं असतं, तर त्यांनी कार्ड परत केलं असतं आणि माझं कमिशन कापलं गेलं असतं. मी कागद हातात घेतला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो — कॉम्प्युटर असंच पाठवतो, गुरुजी. फाडून टाका.

त्यांनी फाडला. नंतरचेही फाडले. बँकेचा फोन आला तरी म्हणायचे, आमच्या भाऊला विचारा. मला कोण विचारणार होतं?

मग त्यांच्या सुनीताचा नर्सिंगला नंबर लागला. शिक्षणकर्जाला बापाची सही, आणि बापाचा कर्जफेडीचा स्कोअर खराब. आयुष्यात कुणाचे चार आणे न बुडवलेला माणूस बँकवाल्यांच्या लेखी बुडवा ठरला. मी सोबत गेलो. मॅनेजरशी टेबल बडवून भांडलो — सगळं माहीत असून. गुरुजींनी थकबाकी भरली, पण नाव असं लगेच धुऊन निघत नसतं. प्रवेशाची तारीख गेली. पुढच्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न लावलं.

त्या दिवशी बँकेतून परत येताना बसमध्ये गुरुजी म्हणाले होते, "माझंच काहीतरी चुकलं असंल, भाऊ." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्या वेळी बोलायला काय झालं होतं मला? जीभ होती, मॅनेजरसमोर चालली होती की.

मी भित्रा आहे. लबाडी पोटासाठी केली असं म्हणता आलं असतं, पण ते गप्प राहणं पोटासाठी नव्हतं.

गुरुजी अजून दिवाळीला बोलावतात. पाहुण्यांना सांगतात, "या भाऊनं आमच्या लेकरासाठी लई तकलीफ घेतली." मी जातो. जेवतो.

गेल्या दिवाळीत सुनीता माहेरी आली होती. ते मुदत संपलेलं कार्ड पाटावर होतंच. तिनं त्याला हळदीकुंकू लावलं, आणि त्याच बोटानं मला टिळा लावायला वळली. मी कपाळ पुढे केलं.