लॉबीतली ऐरण

"गायकवाड सर, ऐरण लॉबीत आणा," प्राचार्य म्हणाले. इन्स्पेक्शन आठवड्यावर आलं होतं.

निलंग्याजवळच्या एका खासगी आयटीआयमध्ये मी फोर्जिंग शिकवायचो. फोर्जिंग म्हणजे लोहारकाम. भट्टीत लोखंड लाल करायचं, ऐरणीवर धरायचं आणि घणानं ठोकून आकार द्यायचा. ऐरण म्हणजे खालचा ठोकळा, घाव सोसणारा. इन्स्पेक्शनमध्ये पास झालो तर ट्रेड चालू, नाहीतर नवे प्रवेश बंद. मग माझंही काही खरं नव्हतं.

"सर, भट्टी मागं आणि ऐरण पुढं, मग काम कसं करायचं?"

"आजवर कोणती कमिटी मागच्या शेडात आली हाय? लॉबीत बसतात, चहा पितात, जातात. दाखवायचं ते वाटंतच पाहिजे."

त्यांचं म्हणणं अनुभवाचं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. बाभळीच्या खोडावर घट्ट बसलेली ऐरण पोरांनी उपसली. चकचकीत टाइल्सचा ओटा बांधून त्यावर बोल्टनं आवळली. वरून चंदेरी ऑइलपेंट आणि प्लास्टिकचा हार. शेजारी फलक लागला : ‘ऐरण हा शब्द संस्कृत अधिकरणीवरून आला. अधिकरण म्हणजे आधार.’ ही माहिती प्राचार्यांना मोबाइलवर सापडली होती. शब्दाचं मूळ सापडलं आणि ऐरणीचं बूड हललं.

नांदेडहून इन्स्पेक्शनच्या मॅडम आल्या. फलक शेवटपर्यंत वाचला. चहा नको म्हणाल्या.

"छान. आता यावर एक छिन्नी करून दाखवा."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

शेडात भट्टी पेटवली. आसिफ माझा सगळ्यात तयार विद्यार्थी. लालभडक सळई सांडशीत धरून तो व्हरांडा, मग ऑफिस, मग लॉबी असा निघाला. पुढं शिपाई लोकांना बाजूला करत होता, "सरका, लोखंड यायलंय."

"सर, काळं पडलं की," आसिफ ऐरणीपाशी पोचून म्हणाला. "आता ठोकून उपयोग न्हाई."

पुन्हा भट्टी, पुन्हा वरात. शेवटी एकदा थोडी लाली उरली आणि मी घण घातला. पेंट जळाला, हार वितळला, टाइल्स तडकल्या. मॅडम नाकाला पदर लावून धुरात लिहीत होत्या.

रिपोर्ट आला. ‘संस्थेत ऐरण आहे. वर्कशॉपमध्ये नाही. प्रवेश स्थगित.’

प्राचार्य खचले नाहीत. "तुम्हाला काढत न्हाई, सर. पाहुणे आले की ऐरणीची माहिती सांगत जा."

आता मी इस्त्रीचा शर्ट घालून लॉबीत उभा असतो आणि अधिकरणी समजावून सांगतो. लोक फोटो काढतात. आसिफचा धाकटा भाऊ यंदा याच ट्रेडला येणार होता. तो लातूरला मोबाइलची कव्हरं विकतोय. हे आठवलं की माझी जीभ अडखळते.

ऐरण भट्टीपासून हात लांबवला की पोचेल इतकी जवळ असावी. नुसती दाखवायची असेल, तर कुठंही चालते.