आर्डिसचा गुडघा

आमच्या विस्कॉन्सिनच्या या टोकाला घडीचे ट्रेलर विकणारी एकच बाई होती, आर्डिस टोलेफसन. तिच्या दुकानामागच्या शेडमध्ये मी एकवीस वर्षं दुरुस्तीचं काम केलं. गाडीमागे जोडून न्यायचं हे घर पक्क्या भिंतींचं, तरी मिटवलं की कमरेएवढं बसकं व्हायचं आणि कोणाच्याही गॅरेजात मावायचं.

रस्त्यापलीकडे गॉर्डन साधे, न मिटणारे ट्रेलर विकायचा. कॉफीला आला की तिला डिवचायचा.

"मिटलेला ट्रेलर रस्त्यावरून नुसता पेटारा दिसतो गं. कोण थांबणार? उघडून दाखवायचा तर अर्धी सकाळ गेली. माझी पोरं मिटवायला गेली तर बोटं चेंगरून घेतील. फुकट दिलास तरी नको."

"घाबरट आहेस. एकदा घेतला की माणूस मरेपर्यंत सोडत नाही."

"तेच म्हणतोय मी! म्हणजे दुसरा घेत नाही."

तरी आर्डिसचे ट्रेलर खपायचे, कारण ती प्रत्येकाला स्वतः शिकवायची. मागची भिंत आत घेताना तिला डावा गुडघा टेकवायचा आणि मगच छताचा खटका सोडायचा, ही तिची युक्ती. कारखान्याच्या पुस्तकात ती नव्हती. गिऱ्हाईक दहा वर्षांनी विसरून आलं तरी ती पुन्हा दाखवायची. तिनं कोणाला परत पाठवलेलं मी पाहिलं नाही.

दर सप्टेंबरला तिची ही सगळी गिऱ्हाईकं आपापले ट्रेलर घेऊन तळ्याकाठी जमायची. हे ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्याचा मालक मर्लही यायचा, आर्डिसनं केलेला बटाटे-खिम्याचा हॉटडिश दोनदा वाढून घ्यायचा. गेल्या खेपेला तो म्हणाला, "आर्डिस, तुझ्यानंतर हे कोणाला येणार? एकदा व्हिडिओ करून ठेवू. आपल्या मंडळींना आठवण."

ती लाजली. मग केस नीट केले आणि उभी राहिली. कॅमेरा माझ्या हातात होता. "गुडघा नीट दिसू दे, लाइल," मर्ल म्हणाला आणि मी मूर्खासारखा आणखी पुढे सरकलो. अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वसंतात कारखान्यातून नवा माल आलाच नाही. फोन केला की मर्ल म्हणायचा, "काम जरा मागे पडलंय गं."

मे महिन्यात एक तरुण जोडपं आलं. त्यांच्या कोऱ्या ट्रेलरचं छत तिरकं अडकलं होतं. आर्डिसनं गुडघा लावला, खटका सोडला, छत बसलं.

"अगदी व्हिडिओतल्यासारखं!" मुलगी टाळ्या पिटत म्हणाली.

"कुठून घेतलात?"

"थेट कारखान्यातून. दुकानाची गरजच काय, व्हिडिओ आहे ना! आणि मर्ल म्हणाले, अडलात तर आर्डिसकडे जा, ती कोणालाच परत पाठवत नाही."

"खरं सांगितलं त्यानं," आर्डिस म्हणाली. आमच्याकडे कोणाला तोंडावर वाकडं बोलायची रीत नाही. तिनं त्यांना कॉफी पाजली, सोबत लिंबाच्या वड्या बांधून दिल्या आणि हात हलवून निरोप दिला. केसानं गळा कापला होता मर्लनं, आणि तो केस आम्हीच त्याच्या हाती दिला होता.

मग तिनं दारापुढे कायम उघडा ठेवलेला नमुन्याचा ट्रेलर मिटवला. गॉर्डन पलीकडून बघत होता. त्या दिवशी तो डिवचायला आला नाही.

आठवड्याभरानं आणखी एक कोरा ट्रेलर फाटकाशी थांबला. त्याचंही छत तिरकं. आर्डिसनं खिडकीतून पाहिलं, दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि दाराआड जाऊन बसली.

"आर्डिस आहेत का?" त्या माणसानं मला विचारलं.

"नाहीत," मी म्हणालो. त्यानं बराच वेळ वाट पाहिली, मग तसाच गेला.

मी आत आलो. ती डाव्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती.

"मागची भिंत होती का रे अडकलेली?"

"हो."

"गुडघा लावला नसेल बिचाऱ्यानं," ती म्हणाली आणि रडायला लागली.