ऑर्व्हल हरायला शिकतो

ऑर्व्हल प्रुइट एकोणीस वर्षं दर गुरुवारी पोकर खेळला आणि जवळजवळ दर गुरुवारी हरला. नेवाडाच्या त्या कोरड्या गावात इतकं नेमाने दुसरं काहीच होत नसे.

आगीच्या बंबाच्या शेडमागे एक खोली होती. दुपारची जेवणं उरकली की तिथे चौघं जमत. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला ऑर्व्हल, खाणीत जन्म घालवलेला मर्ल टॅकेट, मेंढ्या विकून मोकळा झालेला एचेव्हेरिया आणि विधवा आयडेला. पाचवी खुर्ची शेगडीमुळे मावत नव्हती. पैसे लावायला चर्चच्या पाळकांची मनाई, म्हणून डाव राजम्याच्या दाण्यांवर चाले. ज्याचे दाणे आधी संपतील त्याने पुढच्या गुरुवारी खाऊ आणायचा. खाऊबद्दल पाळक काही बोलले नव्हते. एक फोड त्यांच्याकडेही जात असे.

म्हणजे दर बुधवारी ऑर्व्हलची बायको लव्होन पीचचा केक भाजत असे. एका बुधवारी तिचे हात पिठात होते आणि ऑर्व्हल नशिबाला शिव्या देत होता. तेव्हा ती म्हणाली, "नशिबाला कशाला मध्ये आणतोस? आलेला प्रत्येक डाव तू खेळतोस. आणि चांगली पानं आली की तोंडातला घास चावायचा थांबतोस. बंबालासुद्धा कळत असेल."

"मग आता या वयात काय करू?"

"बायबल मी काही एका रात्रीत वाचलं नाही. रोज एक पान." तिने आपल्या वह्यांतली एक कोरी वही त्याच्यापुढे टाकली.

पहिल्या आठवड्यात ऑर्व्हलने वहीत एकच नेम लिहिला: वाईट पानं मुकाट्याने टाकून द्यायची. त्या दिवशी त्याने इतकी पानं टाकली की आयडेलाने त्याला बरं नाही का म्हणून विचारलं. दुसऱ्या आठवड्यात घास अखंड चावत राहायचं. तिसऱ्यात, मोठा डाव लावण्याआधी मनात दहा मोजायचे. चौथ्यात, आपल्या पानांआधी समोरच्यांचे चेहरे पाहायचे. तेव्हा त्याला दिसलं की हातात काही नसताना हूल दिली की मर्ल कान खाजवतो. एकोणीस वर्षं तो कान त्याच्यासमोरच होता.

पाचव्या आठवड्यापासून ऑर्व्हल जिंकू लागला. तो मान ताठ करून घरी येई, वहीत एक ओळ लिही आणि देवाचे आभार मानी. आता बुधवारी लव्होन निवांत बसून विणकाम करी.

खोलीत मात्र वेगळंच चाललं होतं. मर्ल हरला, त्याने सार्डिनचे दोन डबे आणले. आयडेला हरली, तिने हिरव्या जेलीत किसलेलं गाजर घालून आणलं. एचेव्हेरियाने आणलेलं मटण त्याच्या कुत्र्यानेही हुंगून सोडलं. डाव गप्प होऊ लागले. पाळकांनी एकदा सहज चौकशी केली की हल्ली गुरुवार होत नाहीत का.

शेवटी एचेव्हेरियानेच तोंड उघडलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, ऑर्व्हल. पोस्टात तो नवा माणूस आलाय ना, तो खेळायला यायचं म्हणतोय. खेळतो अगदी गाढवासारखा."

"बरं, मग?"

"बायको त्याची चेरीचा केक करते. आणि खुर्च्या चारच आहेत."

पत्नीखालोखाल ऑर्व्हलने आयुष्यात काही सांभाळलं असेल तर ती खुर्ची. खुर्चीच्या डाव्या हाताला त्याच्याच कोपराने खळगा पडला होता.

पुढच्या गुरुवारी त्याच्या हातात तीन राण्या आल्या. मर्लने सगळे दाणे पुढे ढकलले आणि कान खाजवला. ऑर्व्हलने घास चावत चावत दहापर्यंत मोजलं. मग तिन्ही राण्या पालथ्या टाकून दिल्या. त्यानंतर तो असे डाव खेळला की दाणे अर्ध्या तासात संपले. इतकं बेमालूम हरायला त्याला वहीतला एकूण एक नेम वापरावा लागला. मर्लने त्याच्या पाठीवर थाप मारली. पोस्टातल्या माणसाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

घरी येऊन त्याने लव्होनला केकचं सांगितलं. तिने सुयांवरून नजरही काढली नाही.

"हरलं कोण?"

"मी."

"मग पीठ वरच्या फळीवर आहे."

बुधवारी ऑर्व्हलने केक भाजला. गुरुवारी तो टेबलावर ठेवला, तेव्हा मध्ये खड्डा होता आणि बूड कोळशासारखं. तिघांनी एकेक घास घेतला. आणि चावतच राहिले. ऑर्व्हल खुर्चीचा हात घट्ट धरून बसला.

बऱ्याच वेळाने मर्लने गिळलं. "गाजराच्या जेलीपेक्षा बरा आहे," तो म्हणाला. आयडेलाने त्याच्याकडे रोखून पाहिलं, तसं मर्ल पुढे म्हणाला, "पण सराव हवा. पुढच्या गुरुवारीही तूच हर."

"आणि त्याच्या पुढच्या," एचेव्हेरिया म्हणाला आणि पानं पिसू लागला.

त्या संध्याकाळी ऑर्व्हलने वहीचं नवं पान उघडून लिहिलं: पहिला आठवडा. लोणी आधी मऊ करून घ्यायचं. बाकी काही बदलायचं नाही.