नानांच्या ताब्यातलं विरजण

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरते, तसे ते आपोआप जमतात. दही तर रोज लागतं आणि रोज बिघडू शकतं, मग आमच्या गल्लीत किस्स्यांना काय तोटा? त्यात जळगावचा उन्हाळा! दुधाचं आणि माणसाच्या डोक्याचं कधी काय होईल, सांगता येत नाही.

*

आमच्या गल्लीतल्या दह्याचं मूळ म्हणजे सिंधूअक्का. माहेर भडगावचं, बोलण्यात अजून तिकडची अहिराणी. सासरी येताना आईने स्टीलच्या डबीतून विरजण दिलं, ते त्यांनी आजवर मोडू दिलेलं नाही. आई गेली, विरजण राहिलं. म्हशीचं दूध मंद आचेवर थोडं आटवायचं, बोटाला सोसेल इतकं निवू द्यायचं, मातीच्या गाडग्याला आतून विरजण चोळायचं आणि दूध उंचावरून, फेस येईल असं ओतायचं. मग सकाळपर्यंत गाडग्याला हात लावायचा नाही. एवढंच. पण ते दही चमच्याने खाता येत नाही, कापावं लागतं.

माझी बायको मंदा टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिला अन्न नकोसं झालं होतं. अक्कांकडून रोज वाटीभर दही यायचं आणि तेवढं मात्र तिच्या पोटात जायचं. बरी झाल्यावर मंदा डोळ्यांत पाणी आणून आभार मानायला गेली. अक्का म्हणाल्या, "ते राहू दे. माझ्या बठ्ठ्या वाट्या तुझ्याकडे अडकल्या शेतस, त्या आण."

*

शेजारच्या विजूभाऊंचं मोबाइलचं दुकान आहे. त्यांनी हौसेने विरजण नेलं, पण दही काही लागेना. रोज पातळ, चिकट, तार सुटलेलं. अक्कांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की विजूभाऊ येता-जाता झाकण काढून, भांडं हलवून बघत होते.

अक्कांनी विचारलं, "गिऱ्हाइकाचा मोबाइल चार्जिंगला लावला, की घडीघडी काढून बघतोस का?"

विजूभाऊ म्हणाले, "हो. बघतो ना."

*

समोरच्या शोभाताई माहेरच्या चोपड्याच्या. नवी नवरी म्हणून गल्लीत आल्या तेव्हा अक्कांनी त्यांनाही विरजण दिलं होतं आणि गाडगं गरम असतानाच झाकायच्या त्यांच्या घाईवरून रोज टोकलंही होतं. पुढे एका उन्हाळ्यात शोभाताईंच्या कूलरची टाकी भरून वाहिली आणि ते पाणी अक्कांनी वाळत घातलेल्या कुरडयांवर गेलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. समोरासमोर ओटे, पण एकीची नजर डावीकडे तर दुसरीची उजवीकडे. हे इतकी वर्षं चाललं, की गल्लीला त्याची सवय झाली.

*

यंदा अक्कांची लेक पुण्यात बाळंत होणार होती. अक्कांना तिकडे जाणं भाग होतं. मागे राहिले नाना, म्हणजे अक्कांचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, शांत माणूस. ज्यांनी चहासुद्धा कधी स्वतः केला नव्हता, त्यांच्या हाती गाडगं आलं. रिक्षात बसताना अक्का म्हणाल्या, "घर झाडलं नही तरी चालेल. पण हाई मन्ही मायनं इरजन शे. मोडू देऊ नका."

नानांनी नुसती मान हलवली. रिक्षा गेल्यावर मला म्हणाले, "धरणाचा दरवाजा उघडताना इतका घाम नव्हता आला मला."

*

अक्का रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायच्या. नातीचं तोंड आधी दाखवायच्या, मग म्हणायच्या, "गाडगं वाकडं करा." दही जागचं हललं नाही, तर परीक्षा पास.

एकदा दही अगदीच सैल लागलं होतं. नानांनी गाडगं तसंच ठेवलं आणि फोन वाकडा केला. पलीकडून अक्का म्हणाल्या, "दही बरं शे. पण खिडकी का कलंडली?"

*

तरीही नानांनी विरजण टिकवलं. अक्का उद्या सकाळी येणार, असा निरोप आला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की दुपारी त्यांनी सगळ्या गल्लीला मठ्ठा प्यायला बोलावलं. कोथिंबीर, जिरं, मीठ, सगळं झकास. शेवटचा पेला विजूभाऊंनी घेतला. नाना कौतुकाने बघत होते.

ऊन उतरल्यावर ते दूध निववायला बसले आणि मग लक्षात आलं. अक्का दही घुसळण्याआधी वाटीभर बाजूला काढतात. नानांनी सगळंच घुसळलं होतं. भडगावचं विरजण गल्लीने पिऊन टाकलं होतं.

आम्ही घरोघर फिरलो. विजूभाऊंच्या विरजणात पाकिटातलं दही मिसळलेलं. मंदा धुळ्याला माहेरी गेलेली, त्यामुळे आमच्याकडेही पाकीटच. राहिलं एकच घर, समोरचं.

*

तोवर दिवे लागले होते. आमच्याकडे दिवेलागणीनंतर कुणी विरजण घराबाहेर देत नाही. नाना शोभाताईंच्या दारात उभे राहिले.  मीच सगळं सांगितलं. शोभाताईंकडे अक्कांनी दिलेलं विरजण अजून होतं, तसंच, काहीही न मिसळलेलं.

त्यांनी आत देवापुढच्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "या वेळेला विरजण देता येणार नाही, नाना. दूध घेऊन या. इथेच लावते. सकाळी गाडगं न्या."

नाना गाडगं आणि दूध घेऊन गेले. परत आले तेव्हाही त्यांचे हात जोडलेलेच होते. मलाही त्या बाईचे पाय धरावेसे वाटले.

*

सकाळी अक्का येण्याआधी गाडगं नानांच्या स्वयंपाकघरात पोहोचलं होतं. दही लागलं होतं, वर थोडं पाणी सुटलेलं. अक्का आल्या, पाय धुतले आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. नाना ओट्यावर वर्तमानपत्र उघडून बसले. शेजारी मी आणि विजूभाऊ. आतून गाडग्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

मग अक्का गाडगं घेऊन बाहेर आल्या. एका बोटाला दही लागलेलं. त्यांनी नानांकडे पाहिलंही नाही. समोर शोभाताई ओट्यावर गहू निवडत होत्या.

अक्का म्हणाल्या, "शोभे, वाफ जिरल्याबिगर झाकू नको गं. वर पानी सुटस."

शोभाताईंनी सुपातून मान वर केली नाही. म्हणाल्या, "झाकण मी नाही, नानांनी लावलं होतं."